रोड हिल हाउसची गव्हर्नेस: एका खुनात खलनायिका कशी घडली

३० जून १८६०, शनिवारची पहाट. इंग्लंडात विल्टशायर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवर रोड नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला रोड हिल हाउस हा तीन मजली वाडा. पहिल्या मजल्यावरच्या मुलांच्या खोलीत एलिझाबेथ गॉफ ही विशीतली आया झोपली होती. सोबत पावणेचार वर्षांचा सॅव्हिल आणि त्याच्यापेक्षा लहान बहीण एव्हलिन. पाचच्या सुमाराला गॉफला जाग आली, तर सॅव्हिलची खाट रिकामी. पांघरूण सारखं केलेलं, गादीवर मुलाच्या अंगाचा खळगा तेवढा दिसत होता. रात्री कधीतरी आई घेऊन गेली असेल असं समजून ती पुन्हा झोपली. सातच्या सुमाराला तिने समोरच्या खोलीचं दार वाजवलं, तेव्हा मूल आईकडे नसल्याचं कळलं.

खाली दिवाणखान्याची खिडकी उघडी सापडली. कुठे काही फोडलं नव्हतं, चोरीला काही गेलं नव्हतं. वडील सॅम्युअल केंट गाडी जोडून पोलिस आणायला ट्रोब्रिजला निघाले. ते वाटेत असतानाच विल्यम नट आणि थॉमस बेंगर हे दोघे गावकरी शोधत शोधत झुडपांच्या आडच्या नोकरांच्या संडासापाशी पोचले. ब्लँकेटात गुंडाळलेला सॅव्हिल बैठकीच्या खाली, आत अडकलेला होता. गळा जवळजवळ मानेच्या मणक्यापर्यंत चिरलेला, छातीत खोल वार, डाव्या हाताच्या बोटांवर कापल्याच्या खुणा.

त्या रात्री वाड्यात बारा माणसं झोपली होती. दारं आतून बंद होती, म्हणजे मारणारा त्या बारांपैकीच कुणीतरी.

इंग्रजी गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या भीती-रहस्याच्या, कथांमध्ये गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, हे पात्र पुन्हा पुन्हा येतं. काळा पोशाख, आवळून बांधलेले केस, मुलांशी गोड आणि मनात काहीतरी भलतंच. हल्लीच्या कथांमध्ये तर ती हसत हसत माणसं मारते आणि वाचकालाही हसवते. या पात्राची मुळं शोधू लागलं की एकोणिसाव्या शतकातल्या ज्या खऱ्या घरांपाशी आपण पोचतो, त्यांत रोड हिल हाउस अग्रभागी आहे. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या खुनात गव्हर्नेसने कुणालाही मारलं नाही. जे मूल मारलं गेलं ते तिचं होतं. तरीही गोष्टीची खलनायिका तीच झाली. हे कसं झालं, ते मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खुनी कोण, हा प्रश्न त्यानंतरचा.

खुनाच्या आधीची सोळा वर्षं

सॅम्युअल केंट सरकारी नोकरीत होता. कारखान्यांत बालमजुरीचे आणि कामाच्या तासांचे कायदे पाळले जातात की नाही हे तपासणारा निरीक्षक. १८२९ मध्ये त्याचं मेरी अॅन विंडस हिच्याशी लग्न झालं. मुलं होत गेली, त्यातली चार पाठोपाठ लहानपणीच गेली. त्या काळात मेरी अॅनच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सांगितलं जाऊ लागलं.

हे कोण सांगत होतं, ते लक्षात ठेवायला हवं. तिच्या वेडाची हकिगत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः जोसेफ स्टेपलटन या डॉक्टरच्या पुस्तकातून. तो सॅम्युअलचा स्नेही, आणि १८६१ सालचं त्याचं पुस्तक सॅम्युअलची बाजू मांडण्यासाठीच लिहिलेलं. ज्या बाईला संसार झेपत नाही असं म्हटलं जात होतं, तिला १८४४ मध्ये कॉन्स्टन्स आणि १८४५ मध्ये विल्यम अशी आणखी दोन मुलं झाली. वेडी असलेल्या बायकोशी नवऱ्याने असा संसार का चालू ठेवला, याचं उत्तर स्टेपलटनकडे नाही.

१८४४ च्या आसपास घरात मेरी ड्रू प्रॅट आली. डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावच्या किराणा दुकानदाराची मुलगी, विशीच्या मध्यावरची. थोरल्या दोन मुलींना शिकवायला तिला ठेवलं होतं.

गव्हर्नेस म्हणजे काय दर्जाचं माणूस, ते इथे सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याला नेमकी जोड नाही. ती मोलकरीण नव्हती. तिला फ्रेंच येई, पियानो वाजवता येई, तिचं बोलणंचालणं मालकिणीसारखं असे. पण ती पाहुणी नव्हती आणि घरची तर नव्हतीच. तिला वर्षाला वीस-तीस पौंडांच्या आसपास पगार मिळे. नोकरांच्या स्वयंपाकघरात बसून जेवणं तिला शोभत नसे आणि मालकाच्या टेबलावर तिला रोज बोलावलं जाईलच असं नसे. म्हणून बऱ्याचदा तिचं ताट मुलांच्या खोलीत जाई. नोकर तिला शिष्ट म्हणत, मालकीण तिच्याकडे सावधपणे बघत असे. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंडात अशा सुमारे २५ हजार बायका होत्या. म्हातारपणी आणि बेकारीत त्यांचे इतके हाल होत की त्यांना मदत करण्यासाठी १८४० च्या दशकात खास संस्था काढावी लागली. लग्न झालं तरच त्यातून सुटका. आणि लग्नाच्या वयाचा, ऐपतीचा जो एकमेव पुरुष तिला रोज दिसे, तो बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी नवरा असे.

केंटच्या घरात तान्ह्या कॉन्स्टन्सला सांभाळायचं काम हळूहळू मिस प्रॅटकडे आलं. मग किल्ल्या आल्या, घरखर्च आला, नोकरांना हुकूम सोडणं आलं. खरी मालकीण घराच्या वेगळ्या भागात राहू लागली. कुजबुज वाढली की केंट कुटुंब घर बदलत असे. डेव्हन, सॉमरसेट, विल्टशायर, अशी ठिकाणं होत गेली. मे १८५२ मध्ये मेरी अॅन वारली. पंधरा महिन्यांनी, ऑगस्ट १८५३ मध्ये, सॅम्युअल आणि मिस प्रॅट यांचं लग्न झालं.

शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. माडीवर कोंडलेली वेडी बायको, खाली मालक आणि गरीब, मानी गव्हर्नेस. ते पुस्तक वाचताना सगळ्या इंग्लंडने गव्हर्नेसची बाजू घेतली. केंटच्या घरात तीच मांडणी होती. फरक एवढाच, की इथे माडीवरच्या बाईला मुलं होती, आणि ती मोठी होत होती.

कॉन्स्टन्सची गोष्ट इथे अवघड होते. लहानपणी तिला मिस प्रॅटचाच लळा होता. तिच्या लेखी आई म्हणजे तीच. जन्मदात्री आई स्वतःविषयी बोलताना ‘तुझी बिचारी आई’ असं म्हणायची आणि गव्हर्नेस त्यावर नाक मुरडायची, हे तिने पाहिलं होतं. बिचारी का, हे तेव्हा कळत नव्हतं. गाडीतून फिरायला गव्हर्नेस जाते, आई कधीच जात नाही, असं का? संध्याकाळी वडील गव्हर्नेससोबत पुस्तकांच्या खोलीत बसतात आणि बाकीची मुलं आईपाशी, असं का? असे प्रश्न मनात साठत गेले. वय वाढलं तशी उत्तरंही कळली, आणि आईचा पाणउतारा करणाऱ्यांच्या बाजूला आपणही उभ्या होतो, हे त्याबरोबर कळलं. सावत्र आईचा राग मुलांना येतोच, पण या रागात स्वतःविषयीचा रागही मिसळलेला होता.

नव्या मिसेस केंटला स्वतःची मुलं झाली. पहिल्या बायकोची मुलं मागे पडत गेली. १८५६ मध्ये बारा वर्षांच्या कॉन्स्टन्सने आणि तिच्याहून दीड वर्षाने लहान विल्यमने घर सोडलं. तिने भावाचे कपडे घातले, केस कापले आणि ते झुडपांच्या आडच्या संडासात टाकून दिले. चार वर्षांनी सॅव्हिल सापडला तो याच संडासात. दोघं चालत बाथला पोचली. ब्रिस्टल गाठायचं आणि जहाजावर कामाला लागायचं असा बेत होता. बाथच्या एका हॉटेलात रात्रीपुरती जागा मागताना त्यांचा संशय आला. विल्यम रडला आणि त्याने सगळं सांगितलं. कॉन्स्टन्सने तोंड उघडलं नाही. ती रात्र तिने पोलिसांच्या ताब्यात काढली.

इभ्रत आणि इस्त्री

खुनाच्या दिवशी पोलिस आले, पण घर एका सभ्य गृहस्थाचं, सरकारी निरीक्षकाचं. सुपरिंटेंडंट फोली हा स्थानिक अधिकारी अदबीने वागला, आणि या अदबीपायी तपासाचं वाटोळं झालं.

शनिवारी झडती चालू असताना स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या भट्टीच्या पोकळीत कोंबलेला, रक्ताचे डाग असलेला बायकी अंगातला कपडा सापडला. पोलिसांना तो कुणातरी नोकराणीचा, मासिक पाळीचा वाटला. बायकांच्या अशा कपड्याविषयी विचारायचं कसं, या संकोचाने तो परत जागेवर ठेवून दिला. ज्याचा असेल तो घ्यायला येईल, मग पकडू, असा बेत. त्यासाठी दोन हवालदार रात्री घरात ठेवले. सॅम्युअल केंटने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, खायला-प्यायला दिलं आणि बाहेरून दाराला कुलूप घातलं. खुनाच्या घरात पहारा द्यायला आलेले पोलिस रात्री मालकाच्या कुलपात बसले. नंतर तो कपडा नाहीसा झालेला होता. ही गोष्ट स्थानिक पोलिसांनी वरिष्ठांना सांगितलीच नाही. ती कित्येक महिन्यांनी बाहेर आली.

काळ्या विनोदाच्या गॉथिक कथा का इतक्या चपखल बसतात, ते अशा जागी कळतं. शिष्टाचार पाळण्याची धडपड इतकी मोठी की प्रेताशेजारीही ती थांबत नाही. कथालेखकाला वेगळी अतिशयोक्ती करावीच लागत नाही. हे वाचून हसू येतं, पण त्यामुळे पावणेचार वर्षांच्या मुलाचा न्याय पाच वर्षं लांबला, हे मी विसरू शकत नाही.

जुलैच्या मध्यावर लंडनहून जोनाथन विचर आला. १८४२ मध्ये स्कॉटलंड यार्डची गुप्तहेर शाखा निघाली तेव्हाच्या पहिल्या आठ जणांपैकी तो एक. त्याला भट्टीतल्या कपड्याविषयी कुणी सांगितलं नाही. त्याने घरातल्या कपड्यांची वही मागवली.

कॉन्स्टन्सकडे झोपायचे तीन झगे असायचे. आता दोनच होते. ती म्हणाली, तिसरा धुणावळीने हरवला. धुणावळ म्हणाली, माझ्याकडे आलाच नाही. खून झाल्यावर सोमवारी, २ जुलैला, मोलकरीण सारा कॉक्स धुण्याच्या टोपल्या भरत होती. कॉन्स्टन्स दाराशी आली. माझ्या परकराच्या खिशात पाकीट राहिलंय का बघ, म्हणाली. कॉक्सने बघितलं, नव्हतं. मग ती म्हणाली, मला प्यायला पाणी आण. कॉक्स पाणी आणायला गेली, टोपली तेवढा वेळ तिथेच उघडी.

विचरने यावरून असा तर्क केला: खुनाच्या रात्रीचा रक्ताळलेला झगा कॉन्स्टन्सने आधीच नष्ट केला होता. मग घरात दोनच उरले, आणि ते लक्षात आलं असतं. म्हणून धुण्यात लिहून टाकलेला झगा तिने पाण्याच्या निमित्ताने टोपलीतून काढून घेतला. वहीत तीन दिसणार, घरात दोन असणार, आणि न परतलेल्या झग्याचं खापर धुणावळीवर फुटणार. सोळा वर्षांच्या मुलीने हे इतक्या थंड डोक्याने केलं असेल, यावर विचरचा विश्वास होता. आणि या सगळ्या तपासात घरातल्या धुण्याकडे गांभीर्याने बघणारा तो एकटाच होता.

२० जुलैला त्याने तिला अटक केली. सात दिवसांनी सुनावणी झाली. तिच्या वकिलाने विचरचीच उलटतपासणी केल्यासारखं भाषण केलं: या माणसाने, लंडनहून येऊन, सभ्य घरातल्या निष्पाप मुलीवर, एका झग्यावरून आळ घेतला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी दिलेल्या २०० पौंडांच्या जामिनावर ती सुटली. वर्तमानपत्रांनी आणि संसदेतल्या सदस्यांनी विचरला फैलावर घेतलं. त्याची कारकीर्द तिथेच खचली. १८६४ मध्ये तो आजारपणाच्या कारणाने निवृत्त झाला.

पगारावरची बाई

सभ्य मुलगी सुटली, म्हणजे कुणीतरी दुसरं हवं. सप्टेंबरअखेर एलिझाबेथ गॉफला धरलं.

तिच्याविरुद्ध काय होतं? मूल तिच्या खोलीतून गेलं आणि तिला जाग आली नाही. पाचला खाट रिकामी दिसली आणि तिने कुणाला उठवलं नाही. ब्लँकेट नाहीसं झाल्याचं तिला प्रेत सापडायच्या आधी ठाऊक होतं की नंतर कळलं, यावर तिच्या आणि इतरांच्या बोलण्यात मेळ नव्हता. बस्स, एवढंच. यावरून गावाने कथा रचली: मालक रात्री आयाच्या खोलीत होता, मूल जागं झालं, ओरडेल या भीतीने त्याचं तोंड दाबलं, ते मेलं, मग दोघांनी खुनाचा देखावा केला. मोठे मोठे लोकही या कथेवर विश्वास ठेवून होते. चार्ल्स डिकन्स विचरला ओळखत होते, त्यांनी त्याच्यावर लिहिलंही होतं. तरी १८६० च्या शरद ऋतूत त्यांनी मित्राला पत्रात हाच अंदाज कळवला.

ही कथा इतकी पटकन पटली, कारण सॅम्युअल केंटने असं एकदा केलेलंच होतं. पगारावर आलेल्या बाईला त्याने आधी घराची, मग बिछान्याची मालकीण केलं होतं. तेव्हा दुसऱ्यांदाही तेच करणार, असं लोकांनी गृहीत धरलं. गव्हर्नेसच्या भूतकाळाची शिक्षा आयाला मिळत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही तयारी होती.

ट्रोब्रिजला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चौकशी झाली. पुरावा काहीच नव्हता. गॉफ सुटली, आयलवर्थला वडिलांच्या बेकरीवर परत गेली. पण संशय तिच्या मागे राहिलाच.

कबुली

कॉन्स्टन्सला आधी फ्रान्समध्ये दिनान इथे शिकायला पाठवलं, मग ब्रायटनच्या एका धार्मिक आश्रमात. तिथले पाद्री आर्थर वॅग्नर. २५ एप्रिल १८६५ रोजी ती लंडनला बो स्ट्रीटच्या कोर्टात आली आणि म्हणाली, सॅव्हिलला मी मारलं, एकटीने, कुणाच्याही मदतीशिवाय.

जुलैमध्ये सॉल्सबरीला खटला झाला. तिने गुन्हा कबूल केला, म्हणून साक्षीपुरावा झालाच नाही. तिच्या वतीने वकील जॉन ड्यूक कोलरिज यांनी सांगितलं की अपराध तिचा एकटीचा आहे, घरच्या छळामुळे तिने हे केलं असं जे बोललं जातं ते खरं नाही, घरी तिला प्रेमच मिळालं. फाशी सुनावताना न्यायाधीश रडले. पुढे फाशीची जन्मठेप झाली.

तिने सांगितलेली हकिगत नंतर एका डॉक्टरमार्फत वर्तमानपत्रांत आली. वडिलांचा वस्तरा, मध्यरात्री अनवाणी जिना, झोपलेलं मूल उचलून दिवाणखान्याच्या खिडकीतून बाहेर. पण छातीतली खोल जखम वस्तऱ्याने होणारी नव्हती. पहिल्यांदा प्रेत तपासणाऱ्या डॉक्टर पार्सन्स यांनी टोकदार हत्यार असावं असं म्हटलं होतं. मला वाटतं, कबुलीचा गाभा खरा आहे आणि कडा घासलेल्या आहेत. विचरला सुरुवातीपासून वाटे की विल्यमही यात होता. सुटायचं झालं तर दोघांपैकी एकाने तरी सुटायचं, हे तिने ठरवलं असावं, इतपतच पुरावा आपल्याला सांगू देतो. विल्यम पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ झाला, टास्मानियात मत्स्यव्यवसायाचं काम केलं, ग्रेट बॅरिअर रीफवरचा त्याचा १८९३ चा ग्रंथ छायाचित्रांसाठी अजून नावाजला जातो.

आणि हेतू? सावत्र आईने आपल्या आईची जागा घेतली, आईविषयी टाकून बोलली, म्हणून तिचं जे सर्वांत लाडकं ते आपण घेतलं, असं तिच्या बाजूने पुढे आलेल्या स्पष्टीकरणांत येतं. एकाच तोंडाने ती घरी प्रेम मिळाल्याचं सांगते आणि आईच्या अपमानाचा सूड म्हणते. मला दोन्ही विधानांत विसंगती दिसत नाही. जिने वाढवलं तिचं प्रेमही खरं, आणि तिने जिची जागा घेतली तिचा अपमानही खरा.

कथेतली गव्हर्नेस

लेखकांनी या प्रकरणातून जे घेतलं ते बघण्यासारखं आहे. १८६२ मध्ये मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांची लेडी ऑड्ली आली: गोड चेहऱ्याची गव्हर्नेस, वयस्क जहागीरदाराशी लग्न करून मोठ्या घरची मालकीण होते, आणि आपलं गुपित झाकण्यासाठी माणसाला विहिरीत ढकलते. विल्की कॉलिन्स यांच्या ‘मूनस्टोन’ मध्ये, १८६८ साली, डाग पडलेला आणि नाहीसा झालेला झगा आहे, विचरवर बेतलेला हुशार गुप्तहेर आहे. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातून नेलेल्या हिऱ्यामुळे ही कादंबरी आपल्याकडेही वाचली जाते, पण तिच्या कपाटातला झगा रोड हिल हाउसमधून आलेला आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

घरातच मोठी झालेली मुलगी खुनी, ही कल्पना त्या काळाला गिळवत नव्हती. त्यापेक्षा पगारावरची बाई बाहेरून येते, हळूहळू किल्ल्या ताब्यात घेते आणि मुलांचा घास घेते, ही गोष्ट सोपी. तिच्यात बाप सुटतो. या प्रकरणात बायकोला वेडी ठरवणारा, गव्हर्नेसला मालकीण करणारा, पोलिसांना कोंडणारा, मुलीचा जामीन भरणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्यावर बेतलेलं भीतीदायक पात्र मला तरी कुठल्या प्रसिद्ध गॉथिक कथेत आठवत नाही.

सिडनीचं पत्र

कॉन्स्टन्स वीस वर्षं तुरुंगात होती. १८८५ मध्ये सुटली, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेली आणि रूथ एमिली के या नावाने परिचारिका झाली. विषमज्वराच्या साथीत काम केलं, कुष्ठरोग्यांची सेवा केली, मुलींच्या संस्थेत आणि परिचारिकांच्या वसतिगृहात मेट्रन राहिली. १० एप्रिल १९४४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी ती वारली. तिच्या आजूबाजूच्या लोकांना ती कोण आहे, हे ठाऊक नव्हतं.

१९२९ मध्ये सिडनीहून एक निनावी पत्र लंडनच्या प्रकाशकाकडे पोचलं. प्रकरणावरच्या एका पुस्तकाच्या निमित्ताने ते लिहिलेलं होतं. ते कॉन्स्टन्सने लिहिलं किंवा तिने सांगून लिहिलं गेलं, याविषयी अभ्यासकांना फारशी शंका नाही. आईच्या ‘बिचारी’पणाचे ते प्रश्न याच पत्रात आहेत. धडा चुकला म्हणून तासन्‌तास कोंडणारी, आईला हसणारी गव्हर्नेसही याच पत्रात आहे. या मजकुराचे काही पैसे मिळाले तर ते वेल्समधल्या खाणकामगारांना द्यावेत, असंही त्यात लिहिलं होतं. १८६५ मध्ये घरी प्रेम मिळालं म्हणणारी बाई चौसष्ट वर्षांनी शेवटी बोलली, ती गव्हर्नेसविरुद्ध. तिच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. लहान मुलाला कोंडलं की ते पंच्याऐंशीव्या वर्षीही विसरत नाही.

मात्र मेरी प्रॅटला उत्तर द्यायची संधी मिळाली नाही. सॅव्हिल गेला तेव्हा ती आठ महिन्यांची गरोदर होती, त्याच जुलैत तिला मुलगा झाला. कॉन्स्टन्सच्या कबुलीनंतरच्या वर्षी, १८६६ मध्ये, वेल्समध्ये ती वारली, वय सेहेचाळीस. तिने आपल्या पहिल्या घराविषयी, ‘बिचाऱ्या’ मालकिणीविषयी किंवा त्या मुलीविषयी सार्वजनिकपणे काही सांगितल्याचं नोंदलेलं नाही.

नोंदलेलं आहे ते ऑक्टोबर १८६० मधलं, गॉफच्या चौकशीतलं. सगळं गाव, निम्मी वर्तमानपत्रं आणि देशातला सर्वांत प्रसिद्ध लेखक ज्या पोरीकडे नवऱ्याची रखेल आणि मुलाची मारेकरी म्हणून बघत होते, तिच्याविषयी मुलाच्या आईला साक्षीदाराच्या जागेवरून विचारण्यात आलं. एकेकाळी स्वतः पगारावर असलेल्या त्या बाईने सांगितलं, माझ्या माहितीप्रमाणे ही मुलगी माझ्या मुलाशी फार मायेने वागायची आणि तिला त्याचा लळा होता.